बर्फाखालचा नारळ

नागेश कुबल माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तरी मी त्याला पहिल्या दिवसापासून 'अरे नागेश' म्हणत आलो आणि तो मला 'साहेब' म्हणत आला. पुण्यात आमच्याकडे दूधवाल्यालाही 'अहो' म्हणायची रीत होती. दुबईत आलो, गळ्यात मॅनेजरचं ओळखपत्र पडलं आणि ती रीत कुठे गेली ते कळलंही नाही. लाज वाटावी अशा गोष्टींची सुरुवात मी मुद्दाम इथून करतोय, कारण पुढच्या गोष्टी याहून वाईट आहेत.

रास अल खोरला घाऊक भाजीबाजाराच्या पलीकडे एक जुनं शीतगृह होतं. तिथे पूर्वी सफरचंदांच्या आणि संत्र्यांच्या पेट्या राहायच्या. ते बंद पडलं तेव्हा आमच्या इव्हेंट कंपनीने हिवाळ्याच्या सीझनसाठी ती शेड भाड्याने घेतली आणि आत गोठलेलं तळं उभं केलं. उणे चार तापमान, भिंतीवर रंगवलेली पाइनची झाडं, मधोमध जमिनीत खोदलेली लांबलचक टाकी आणि तिच्यावर वीतभर जाडीचा खराखुरा बर्फ. बर्फात सहा गोल भोकं. प्रत्येक भोकापाशी एक बुटकं स्टूल आणि हातभर लांबीची काठी. काठीचा दोरा भोकातून खाली सोडायचा, हलके हलके झटके द्यायचे आणि ट्राउट लागायची वाट पाहायची. कॅनडातले लोक हे फुकटात आणि कुडकुडत करतात. आमच्याकडे त्याचे अर्ध्या तासाला एकशे ऐंशी दिरहम पडायचे, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर. बुकिंग महिनाभर फुल्ल असायचं.

नागेश आम्हाला त्या शेडबरोबरच मिळाला. शीतगृह चालू होतं तेव्हा तो तिथे पेट्या चढवायचा. शेडचा कोणता दरवाजा अडकतो, कोणत्या पाइपला पाझर आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आम्ही त्याला ठेवून घेतला. काम दिलं बर्फ खरवडायचं. गावाकडचा कोण, काय, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

मासे आले तेव्हा ते कळलं. एकशे बारा लेक ट्राउट, विमानातून, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांमधून आल्या. गडद अंगावर फिकट ठिपके, पांढरं पोट आणि चेहऱ्यावर एखाद्या रिटायर हेडमास्तरांचा कंटाळा. त्यांच्यासोबत आलेला गोरा तज्ज्ञ आठवडाभर आम्हाला शिकवून परत गेला. जाताना तो मला म्हणाला की तुमच्या इथे मासा समजणारा एकच माणूस आहे, तो बर्फ खरवडतोय.

नागेश आचऱ्याजवळच्या एका गाबीत, म्हणजे मच्छीमारांच्या, वाडीतला. बारा वर्षांचा असल्यापासून त्याने बापाच्या रापणीचे दोर ओढलेले. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून, चाळीस-पन्नास माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. पुढे यांत्रिक होड्या आल्या, किनाऱ्याला मासा येईना, रापण बसली आणि हा दोन हजार चार साली आखातात आला. शारजाला वेल्डरचा हेल्पर, मग शीतगृह. आखातातल्या वीस वर्षांत कामावर त्याच्या हाताला जिवंत मासा लागला नव्हता. त्या दिवशी पिशव्या उघडल्या तेव्हा तो टाकीच्या काठावर पालथा पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून राहिला. पाणी चार डिग्री होतं. हात काळानिळा झाला तरी तो उठेना.

तो त्यांना 'पावणे' म्हणायचा. विमानानं आले, थंडीतले आहेत, चार दिवस राहणार, मग पावणेच की, असं त्याचं म्हणणं. मी त्याला ट्राउट-प्रमुख केलं, पगार वाढवायचं विसरलो. त्याने आपले नियम लावले. गळ बिनकाट्याचा. मासा लागला की ओल्या हातानेच धरायचा. आणि फोटोसाठी वर काढला की काढणाऱ्याने आपला श्वास धरायचा. आपल्याला सोडावासा वाटला की मासाही सोडायचा. त्या उणे चारात माशाचे कल्ले दोन मिनिटांत गोठतात हे तज्ज्ञाने आम्हाला वीस स्लाइड दाखवून सांगितलं होतं. नागेशने ते पाच वर्षांच्या पोरांना एका वाक्यात शिकवलं. अरबांची, फिलिपिनोंची, आमची, सगळ्यांची पोरं गाल फुगवून, डोळे मोठे करून मासा धरून उभी राहायची आणि आया हसून हसून फोटो हलवायच्या.

माझी ईश्वरी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने पहिला मासा त्याच्याच शेजारी बसून पकडला. घरी येऊन दोन दिवस ती 'फिश अंकल' शिवाय बोलत नव्हती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नागेश माझ्या केबिनमध्ये आला. हातात न सोललेला, सालीसकट नारळ, हळदकुंकू लावलेला. नव्या पाण्यात हात घालण्याआधी पाण्याला नारळ द्यावा लागतो, दिला तर चालेल का, असं त्याने विचारलं. फोडायचा नाही, सबंध सोडायचा. मला गंमत वाटली. मी म्हटलं दे की, त्यात काय. एवढंच नाही, मी स्वतः जॅकेट चढवून आत गेलो. प्लँट सांभाळणारा पेशावरचा उझैरही कुतूहलाने आला. नागेशने पायातले बूट काढले, त्या बर्फावर मोज्यांनिशी उभा राहिला आणि नारळ दोन्ही हातांत धरून गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा, आज जो काय ह्यो नारळ तुका दिलेलो आसा, तो मान्य करून घे. ह्ये पावणे परमुलखातून इले आसत, तेंका सांभाळ. तेंच्या वांगडा आमकाय सांभाळ."

गाऱ्हाण्याच्या दर टप्प्याला बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी म्हटलं. माझं ऐकून उझैरही म्हणाला, मनापासून आणि पश्तो वळणाने. मग नागेशने मला नारळाला हात लावायला सांगितलं, मी लावला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो भोकातून आत सोडला. तो बर्फाच्या खाली तरंगत कुठेतरी कडेला गेला. मी निघताना नागेशच्या पाठीवर थाप मारली. आपण किती मोकळ्या मनाचे मॅनेजर आहोत, या विचारात मला रात्रीचं जेवणही जरा जास्त गेलं.

सहा आठवडे सगळं उत्तम चाललं. मग जानेवारीतला तो गुरुवार आला.

एका बँकेचा फॅमिली डे होता आणि त्यांनी सोशल मीडियावर मोठं नाव असलेली एक बाई व्हिडिओसाठी आणली होती. टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारा ब्लोअर अखंड चालायचा. माशांना श्वास त्यावरच. पण बुडबुड्यांमुळे भोकातलं पाणी उकळल्यासारखं दिसायचं आणि त्या बाईला पाण्यातून वर येणारा मासा कॅमेऱ्यात हवा होता. आमचे जनरल मॅनेजर तहसीन साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, यल्ला, चलो उपेंद्र, पाँच मिनट बंद कर दो. नागेशची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. तो असता तर त्याने मला स्विचपाशी जाऊ दिलं नसतं. मी ब्लोअर बंद केला. दोन मिनिटांत अलार्म वाजायला लागला, तर व्हिडिओत आवाज येतो म्हणून तोही बंद केला.

व्हिडिओ झक्कास झाला. पाच वाजता ईश्वरीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, तिचा नाच पहिल्याच नंबरला. सव्वाचारला बायकोचा, संपदाचा, फोन आला, निघालास का. मी केबिनमध्ये आलो, रोजची बंद करतानाची चेकलिस्ट पुढे ओढली आणि वरपासून खालपर्यंत टिका मारून सही ठोकली. सातव्या ओळीवर लिहिलं होतं, एअर ब्लोअर चालू आहे. त्यावरही टीक. रोज तशीच मारायचो, खुर्चीतून न उठता. ईश्वरी छान नाचली. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सकाळी साडेसातला मी शेडमध्ये शिरलो आणि दारातच थांबलो. बुडबुड्यांचा आवाज नव्हता. सहाही भोकांवर बर्फाची पातळ साय धरली होती. त्यातल्या एकीखाली पांढरं पोट दिसत होतं.

त्यानंतर मी जे केलं ते घाबरून केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. घाबरलेला माणूस ओरडतो, धावतो. मी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं, प्लँटरूममध्ये गेलो, ब्लोअर चालू केला, अलार्म पूर्ववत केला, बाहेर येऊन दहा मिनिटं गाडीत बसलो आणि मग नुकताच आल्यासारखा आत गेलो.

नागेश आठला आला. बुडबुडे खळखळत होते आणि त्यांच्याबरोबर मेलेले मासे गोल फिरत होते.  त्याने कुऱ्हाडीने बर्फ फोडला आणि एकेक मासा हाताने बाहेर काढून ओळीने ठेवला, एकशे बारा. प्रत्येकाचे कल्ले उघडून बघत होता. शेवटचे काढताना टाकीच्या कोपऱ्यात, पाणी फिरवणाऱ्या पाइपच्या जाळीला लागून, त्याला तो नारळ सापडला. भिजून त्याची साल सुटली होती आणि काथ्या जाळीत अडकून बसला होता. तो नारळ हातात घेऊन नागेश खाली बसला. मी तीन हातांवर उभा होतो. त्याने माझ्याकडे वर पाहिलं आणि एवढंच म्हणाला की साहेब, हे माझ्यामुळे झालं.

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. ही एक गोष्ट मी संपदालाही सांगितलेली नाही.

चौकशी अर्धा तास चालली. विम्याचा माणूस, तहसीन साहेब, मी, उझैर आणि नागेश. टेबलावर माझी चेकलिस्ट, ब्लोअर चालू. ब्लोअर आत्ताही चालूच होता, उझैरने तपासून सांगितलं. आणि शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत नारळ. काथ्याने जाळी तुंबली, पाणी फिरेना, मासे घुसमटले; विम्याच्या माणसाला याहून जास्त काही नको होतं. तहसीन साहेबांनी ब्लोअरचा विषय काढला नाही, कारण बंद कर असं मला त्यांनीच सांगितलं होतं आणि पुढचं त्यांना ऐकायचंच नव्हतं. नारळ कुणी टाकला, असं विचारलं. नागेश म्हणाला, मी. कुणाच्या परवानगीनं, असं विचारलं. उझैर जमिनीकडे बघायला लागला. नागेशने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "किसी का नहीं. अपने मन से डाला."

मी सहीच्या कागदाला लावलेली टाचणी सरळ करत होतो.

त्याला कामावरून काढलं. मी मात्र त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, असं मी पुढे लोकांना सांगायचो. खोर फक्कानला माझ्या ओळखीचा एक अरब होता, मासेमारीच्या लाँचीवाला. त्याच्याकडे शब्द टाकून नागेशचा व्हिसा मी पंधरा दिवसांत फिरवून दिला. नागेशने माझे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते. तो दूर, पूर्वेच्या किनाऱ्यावर जावा आणि रोज माझ्या समोर येऊ नये एवढीच माझी इच्छा होती, हे त्याला कसं कळणार. तीन महिन्यांनी मला अबू धाबीत चांगली नोकरी लागली. अल रीम आयलंडवर सत्ताविसाव्या मजल्यावर घर घेतलं. मुलाखतीत मी गोठलेल्या तळ्याचा प्रकल्प किती यशस्वी झाला ते रंगवून सांगितलं होतं.

वर्ष उलटलं. या फेब्रुवारीत आम्ही तिघं खोर फक्कानला समुद्रावर गेलो. मी मुद्दाम बंदराचा रस्ता टाळला होता, पण जेवायला जागा शोधताना गाडी तिकडेच गेली. मासळीच्या धक्क्यावर तारेच्या मोठ्या मोठ्या घुमटांची रांग लागली होती. त्यांना तिथे गरगूर म्हणतात. हा तारेचा पिंजरा आत आमिष ठेवून समुद्रतळाशी सोडतात. ईश्वरी ते बघायला उतरली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, इट्स फिश अंकल!"

तो पत्र्याच्या सावलीत बसून तार विणत होता. केस पांढरे झाले होते. आम्हाला बघून तो इतका आनंदला की मला तोंड कुठे लपवू असं झालं. त्याने आम्हाला बळेच खोलीवर नेलं, सुरमई तळली, कोकमाच्या आगळाची सोलकढी केली. ईश्वरीला काटे काढून दिले. संपदाने सहज विचारलं की तुम्ही लाँचीवर का जात नाही, तुमचा तर हा धंदाच. तेव्हा तो बोलला.

त्यांच्या वाडीत नारळी पुनवेला समुद्राला पहिला नारळ देण्याचा मान कुबलांच्या घराचा. आजोबांपासून चालत आलेला. बाप गेल्यावर तो नागेशकडे आला आणि आखातात आल्यापासून तो वर्षाची रजा त्याच दिवसांत घ्यायचा. लग्नकार्यं चुकली, स्वतःच्या मुलाचं बारसं चुकलं, पण ती पुनव त्याने चुकवली नव्हती. गेल्या वर्षी तो गेला, सगळे सजून दारात आले, आणि त्याने नारळ हातात घ्यायला नकार दिला. चुलतभावाला, किसनला, पुढे केलं. बायको आशा तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

"वैनी, माझ्या नारळानं एकशे बारा जीव घुसमटून मेले. आता तो हात दर्याक कसो दाखवू?" तो म्हणाला. "वाडीचा नेम आसा. सलग दोन वर्सां सोडलो तर मान दुसऱ्या घराक जाता, कायमचो. या वर्सा नाय गेलंय तर गेलो."

पाण्यावर जायचं त्याने तेव्हापासून सोडलं होतं. पिंजरे विणायचा, दुसरे नेऊन टाकायचे. संपदाने त्याची समजूत घातली. चुकून झालं हो, तुम्ही काय मुद्दाम केलंत. तो मान हलवत राहिला. खरं काय ते सांगणारा एकच माणूस जगात होता आणि तो त्या वेळी सोलकढीची वाटी तोंडाला लावून बसला होता. मी सांगितलं नाही. बायको आणि मुलगी समोर होती म्हणून सांगितलं नाही. तीन तासांच्या परतीच्या वाटेत संपदाने दोनदा विचारलं, गप्प का. ऊन लागलं म्हणालो.

जूनमध्ये एका रविवारी मी तिला सांगितलं. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? त्याला जाऊन सांग. पुनवेच्या आधी." मग तिने इस्त्री परत घेतली आणि माझा शर्ट सोडून बाकीचे कपडे केले.

जुलैतल्या एका शुक्रवारी मी एकटा खोर फक्कानला गेलो. बाहेर त्रेचाळीस डिग्री. सगळ्या वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. नागेश नमाजाच्या सुट्टीमुळे खोलीवर होता. त्याने पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, आणि मी बसल्या बसल्याच बोलायला लागलो, कारण थांबलो असतो तर परत फिरलो असतो. व्हिडिओ, ब्लोअर, अलार्म, सगळं. मासे हवा नसल्यामुळे मेले, काथ्याने पाणी फिरायचं थोडं कमी झालं असेल पण त्याने मासा मरत नाही. तुझ्या नारळाचा काही संबंध नाही. सगळं मी केलं.

 मी संपवल्यावर त्याने हातातली पकड खाली ठेवली.

"ब्लोअर चालू होतो, साहेब," तो म्हणाला. "मी सकाळी इलंय तेव्हा बुडबुडे येत होते. माझ्या डोळ्यांनी बघितलेत."

"तू यायच्या आधी मी चालू केला. अर्धा तास आधी."

"आणि कागद? आदल्या दिवसाचो कागद टेबलावर होतो. त्याच्यावर चालू म्हणून तुमची सही."

"ती सही खोटी होती, नागेश."

तो हसला. टिंगल नव्हती त्यात. लहान मुलाने आईसाठी काहीतरी थाप मारावी आणि ती ओळखून आईने हसावं, तसा.

"तुम्ही खोटी सही करणारे माणूस नाय," तो म्हणाला. "माका नोकरी कोणी दिली? व्हिसा कोणी फिरवलो? इतक्या उन्हात इतक्या लांब कोण येता, एका मजुराच्या मानासाठी? वैनींनी पाठवला असतला तुमका. चांगली बाय ती."

मी म्हटलं, देवाशप्पथ खरं सांगतोय. तो ऐकेना. माझ्या प्रत्येक खऱ्या वाक्यावर त्याच्याकडे मीच दिलेला पुरावा होता. मी चालू करून ठेवलेले बुडबुडे, मीच केलेली सही, मीच मिळवून दिलेली नोकरी. उझैरला फोन करू म्हटलं, तर उझैरला स्विचचं काय माहीत. तहसीन साहेब तर कधीच बोलणार नव्हते.

"त्या दिवशी मी तुमच्यासाठी खोटा बोललंय," नागेश म्हणाला. "तुमचं नाव नाय घेतलंय. ता तुमच्या मनात राहिला, म्हणून आज तुम्ही माझ्यासाठी खोटा बोलतास. फिटला, साहेब. आता ह्यो विषय नको."

 मी उजवा हात पुढे केला आणि म्हटलं, ईश्वरीची शपथ घेतो. तो झटकन पुढे झाला आणि माझा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तारेनं चिरलेले ते तळवे खरखरीत होते.

"नको. मान गेलो तर गेलो. खोट्यासाठी चेडवाची शपथ घेऊ नका."

शपथ खरी होती. पोरीच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. आणि पोरीची शपथ खोटी कोणी घेत नाही हे तो जाणून होता, म्हणजे मी घेतली असती तर त्याला विश्वास ठेवावाच लागला असता. हात सोडवून घेऊन चार शब्द म्हणायचे होते फक्त. पण तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता तसं माझ्याकडे आजवर कुणी, माझ्या आईनंही, पाहिलं नव्हतं. चार शब्द बोललो की ती नजर जाणार होती. मी हात त्याच्या हातात तसाच राहू दिला. थोड्या वेळाने त्याने भात वाढला आणि मी जेवलो.

संपदाने घरी विचारलं, सांगितलंस का. मी म्हटलं, सांगितलं. तिने आणखी काही विचारलं नाही.

नारळी पुनवेच्या संध्याकाळी नागेशने मला व्हिडिओ पाठवला. तो गावी गेलाच नव्हता, कुणीतरी त्याला पाठवलेला त्याने पुढे धाडला होता. वाडीतली माणसं वाजतगाजत वाळूवरून चालली आहेत, सगळ्यांच्या पुढे फेटा बांधलेला किसन, कडेला पदर घट्ट ओढून उभी असलेली एक बाई, ती आशा असणार. खाली नागेशने लिहिलं होतं, 'मान योग्य घरी गेलो. तुम्ही माझ्यासाठी इतक्या लांब इलात ता मी जन्मात विसरणार नाय.'

 मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.